विहीर क्रमांक एकोणीस

आली गावात टेकड्या आहेत, डोंगर नाहीत.
एकेक टेकडी म्हणजे एकेक माणूस,
चार हजार वर्षांपूर्वी कुशीवर निजवलेला,
गुडघे पोटाशी, हात तोंडापाशी,
उशाला मडकं, बकऱ्याची एखादी फासळी.
वाटेत भूक लागली तर.

आता दोन टेकड्यांच्या मधून हमरस्ता जातो
आणि एकीच्या पोटात अब्दुलनबी कुंभाराच्या आज्यानं खणलेली भट्टी आहे.
"आतल्याला त्रास नाही व्हायचा?" मी विचारलं.
"थंडीत बरं वाटत असेल," तो म्हणाला
आणि चाकावरची माती पुन्हा ओली केली.

त्या जुन्या लोकांचं म्हणणं असं:
वर आभाळ, मध्ये ताटासारखी जमीन, कडेनं खारा समुद्र,
आणि खाली, सगळ्याच्या खाली,
गोड्या पाण्याचा दुसरा समुद्र.
त्यात एक शहाणा देव राहतो.

हसू नका.
इथे भर समुद्रात तळातून गोडं पाणी उसळायचं.
मोती काढणारे बुडी मारत
आणि कातडी पिशवी भरून वर येत.
तहानेल्या माणसाला यापुढे कसला पुरावा हवा?
विश्वाचा नकाशा त्यांनी जिभेनं काढला होता.

मी पाणी तपासतो. पगार त्याचाच.
एकोणीस नंबरच्या विहिरीत दर सोमवारी मीटर सोडतो.
गेल्या साली क्षार चार हजार दोनशे,
यंदा पाच हजार नव्वद.
देवाच्या घरात समुद्र शिरतोय.
रिपोर्टात तसा रकाना नाही.

अंकुश म्हाप्रळकर मार्चमध्ये गेला,
पंपाच्या शेडमध्ये, डबा उघडायच्या आधी.
विमानाचा फॉर्म मी भरला.
मालाचे वर्णन. वजन. धर्म.
नाशवंत आहे का? योग्य तिथे खूण करा.
पेन धरून बसून राहिलो.
लहानपणी पाठ केलेलं सगळं 'नाही'कडे ओढत होतं,
शेडमधली ती दुपार 'हो'कडे.
मी 'हो'वर खूण केली.
काउंटरवरच्या मुलीनं वरही न पाहता शिक्का मारला.

दहावा गावी झालाच,
पण खोलीतल्या पोरांना राहवेना.
गुदैबियाच्या गच्चीवर, स्टीलच्या ताटलीत,
बासमतीचा पिंड.

या बेटाबद्दल त्या लोकांत अशी समजूत होती म्हणे
की इथे आजार नाही, म्हातारपण नाही,
कावळासुद्धा ओरडत नाही.
म्हणजे मरायचीच सोय नव्हती,
शिवायला कोण येणार?
कावळे मागाहून आले, बोटींच्या डोलकाठ्यांवर बसून,
आपल्याच बंदरांतून.
व्हिसा न घेता.

एक डिशच्या काठावर बसला. खाली येईना.
"पोरीची नर्सिंगची फी आम्ही भरू." नाही.
"स्लॅबचं काम अडू देणार नाही." नाही.
"आईचे डोळे करून घेऊ." मान वाकडी केली, पण नाही.
सगळे माझ्याकडे पाहायला लागले,
माझ्याकडे, जो यातलं काही मानत नाही.
ऊन डोक्यावर. घसा कोरडा.
"अंकुश, तुझे चाळीस दिनार माझ्याकडे आहेत.
विसरलो नव्हतो. विसरल्यासारखं करत होतो."

कावळा उतरला.

पोरांनी हात जोडले. एकजण रडला.
मी मागे पाहिलं:
टाकीआड एसी दुरुस्त करणारा केरळी पोरगा
पाना खिशात घालून जिना उतरत होता.
कावळा त्यालाच घाबरत होता, दुसरं काही नाही.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

शितं खाऊन तो एसीच्या नळीपाशी गेला,
चोच वर करून थेंब थेंब प्यायला.
ते पाणी गोडं असतं.
मीटर लावला असता तर आकडा शून्याच्या आसपास आला असता.

चाळीस दिनार एप्रिलच्या एक तारखेला पाठवले.
पावती पाकिटात आहे,
घडीवर शाई पुसट होत चाललीय.
कुणाला दाखवायची ते माहीत नाही.